रात्रीची कॉफी आणि झोपेची गोळी

रोजच्या पाहुण्याला चहा आणि खास पाहुण्याला कॉफी, ही आपल्याकडची जुनी रीत. दुधात उकळून वेलदोडा-जायफळ घातलेली ही कॉफी अनेक घरांत रात्रीच्या जेवणानंतर घेतात. ‘जायफळाने झोप छान लागते,’ असा त्यामागे समज असतो.

मंडईतील माझ्या दवाखान्यात एक भाजीविक्रेते झोपेची गोळी मागायला आले. पहाटे चारला उठून मार्केट यार्डातून माल आणायचा आणि रात्री साडेनऊला कपभर कॉफी घ्यायची, हा त्यांचा नेम. मी गोळी दिली नाही. रात्रीची कॉफी बंद करून नुसते दूध घ्यायला सांगितले. दोन आठवड्यांत झोप सुधारली.

याचे कारण कॉफीतील कॅफीन. थकव्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या द्रव्याला ते अडवते. घेतलेले कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे साडेनऊच्या कॉफीतील निम्मे कॅफीन रात्री अडीचला शरीरात असतेच. जायफळाने ते नाहीसे होत नाही. जायफळ स्वादापुरतेच घालावे. फार झाल्यास चक्कर, धडधड, भ्रमही होतो.

कॉफीच्या जातीही पाहाव्यात. रोबस्टामध्ये अरेबिकापेक्षा जवळजवळ दुप्पट कॅफीन असते. चिकोरी ही भाजून दळलेली मुळी. तिच्यात कॅफीन नसते. म्हणून पुडीवरील चिकोरीचे प्रमाण वाचावे. झटपट कॉफी म्हणजे तयार काढा सुकवून केलेली भुकटी. तिच्यातही कॅफीन असतेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2024 च्या आहारविषयक सूचनांनुसार 150 मिलिलिटर फिल्टर कॉफीत 80 ते 120, झटपट कॉफीत 50 ते 65 आणि चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम. चहा-कॉफीचे कप एकत्रच मोजावेत.

काही पथ्ये सांगतो :

1. दुपारी तीननंतर कॉफी टाळावी.

2. जेवणाआधी व नंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नये. अन्नातील लोह अंगी लागत नाही. रक्त कमी असलेल्या स्त्रियांनी हे विशेष पाळावे.

3. गरोदरपणी दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आतच राहावे.

4. रोज बरेच कप घेणाऱ्यांनी हळूहळू कमी करावे. एकदम सोडल्यास डोके दुखते.

एवढे करूनही झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मात्र गोळी मागण्यापूर्वी शेवटचा कप किती वाजता घेतला, ते आठवा.