ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही!

यंत्रातील दोष दोन प्रकारचे असतात. एक कायमचा, दुसरा अधूनमधून डोके वर काढणारा. कायमचा दोष शोधणे त्या मानाने सोपे. दुसऱ्याची गत हिवतापासारखी असते. रोगी दवाखान्यात पोहोचतो तेव्हा ताप उतरलेला असतो. मग डॉक्टर विचारतात, "ताप केव्हा चढतो? आधी थंडी वाजते का?" मोटारीच्या ब्रेकलाही असेच प्रश्न विचारावे लागतात.

उदाहरणासाठी एक जुनी प्रीमियर पद्मिनी कल्पनेत घेऊ. या गाडीचे उत्पादन आता बंद झाले आहे. पण हौसेने जपलेल्या काही गाड्या अजून चालतात. मे महिन्यातील दुपार आहे. वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर गेला आहे. पाच माणसे बसलेली ही गाडी तळेगावजवळचा सत्याग्रही घाट उतरते. चालकाचा पाय सतत ब्रेकवर आहे. घाट सुखरूप उतरतो. मंडळी चहासाठी थांबतात. थोड्या वेळाने गाडी निघते, चालक ब्रेक दाबतो आणि पेडल थेट खाली टेकते! वेग कमी असल्यामुळे हातब्रेकवर गाडी थांबते. तासाभराने पाहावे, तर पेडल पूर्ववत घट्ट. मेकॅनिक म्हणतो, "आता तर ब्रेक छान लागतोय."

मग गाडी निर्धोक आहे असे समजायचे का?

आधी ब्रेकची रचना पाहू. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. समजा, पायाचा जोर ३०० न्यूटन आहे. पेडलच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे १५०० न्यूटन झाला. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ५०० न्यूटन होईल. चाकाजवळच्या सिलिंडरमधील दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर त्यावर २००० न्यूटन बल पडेल. हे बल ब्रेक शूला फिरत्या ड्रमवर दाबते आणि घर्षणाने चाक मंदावते.

ही सारी करामत एका गोष्टीवर अवलंबून आहे. द्रव दाबला तरी जवळजवळ आकुंचन पावत नाही. वायू मात्र सहज आकुंचन पावतो. नळीत वायूचा फुगा असेल, तर पेडलची धाव तो फुगा दाबण्यातच खर्च होते. चाकापर्यंत दाब पोहोचत नाही.

आता संशयितांची तपासणी करू. ती इंजिन बंद ठेवून, सपाट जागी, चाकांना दगड लावून करायची असते.

पहिला प्रश्न : टाकीतील ब्रेक ऑइल कमी होते का? होत असेल, तर कोठेतरी गळती आहे. चाकांची आतली बाजू ओली आहे का, ते पाहावे.

दुसरा प्रश्न : पेडल मिनिटभर एकसारखे दाबून धरले, तर ते हळूहळू खाली जाते का? ऑइल कमी न होताही असे घडले, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजले असावेत. ऑइल त्यांच्या कडेने मागे सरकते.

तिसरा प्रश्न : पेडल स्पंजासारखे मऊ लागते का? लागत असेल, तर नळीत हवा आहे.

चौथा प्रश्न : पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, असे होते का? मग द्रव निर्दोष असून घर्षण कमी पडते आहे. लायनर फार तापले असेल, नाल्याच्या पाण्याने भिजले असेल किंवा त्यावर ऑइल सांडले असेल.

आपल्या गाडीत ऑइलची पातळी ठीक आहे. गाडी थंड असताना पेडल घट्ट आहे आणि दाबून धरले तरी खाली जात नाही. दोष फक्त घाटानंतर दिसला. मग घाटाने असे काय केले?

गाडीचे वस्तुमान माणसांसह सुमारे १२०० किलोग्रॅम धरा आणि उतार १०० मीटर उंचीचा धरा. तिची स्थितिज ऊर्जा १२०० × ९.८ × १००, म्हणजे जवळजवळ १२ लाख ज्यूल कमी होते. इंजिनाची मदत घेतली नाही, तर यातील बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन प्रकटते. चार ड्रमचे मिळून वस्तुमान २० किलोग्रॅम आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता ४५० ज्यूल घेतली, तर तापमान सुमारे १३० अंशांनी वाढेल. त्यात हवेचे ४५ अंश मिळवा. काही उष्णता वाऱ्याने निघून जाते हे खरे. पण अंदाज यायला एवढे पुरे.

ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल वर्गातील रसायनांचे असते आणि हवेतील बाष्प शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असावा लागतो. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरले, तर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. आणखी एक गंमत पाहा. गाडी चालू असताना वारा ड्रमला थंड करतो. ती थांबली की वारा बंद होतो आणि ड्रममधील उष्णता सावकाश सिलिंडरकडे सरकते. म्हणूनच द्रव घाटात उकळला नाही, चहाच्या वेळी उकळला! तासाभराने वाफेचे पुन्हा पाणी झाले. गुन्हेगार पुरावा पुसून निघून गेला.

म्हणून थंड गाडीत ब्रेक लागला, यावरून दोष गेला असे सिद्ध होत नाही. दोष ज्या परिस्थितीत दिसला, ती परिस्थितीच त्याचा पुरावा असते. पडताळणीसाठी पुन्हा घाटात जायचे नाही. ऑइलमधील पाण्याचे प्रमाण उपकरणाने मोजता येते. जुने ऑइल पूर्ण काढून योग्य प्रतीचे नवे भरावे, हवा काढावी, रबरी वॉशर तपासावेत. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हिताचे. त्याऐवजी इंजिन ऑइल मात्र कधीही घालू नये; त्याने रबर फुगते.

उतारावर खालचा गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेकचे काम इंजिन वाटून घेते. चालत्या गाडीत पेडल खाली गेलेच, तर ते भराभर पुन:पुन्हा दाबावे, एकेक गिअर खाली आणावा आणि हातब्रेक हळूहळू ओढावा. हातब्रेक तारेने चालतो. त्याला द्रव लागत नाही.

आता एक प्रयोग करा. सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज प्लॅस्टिकच्या बारीक नळीने जोडा. नळीत आणि सिरिंजमध्ये पाणी भरा, हवा राहू देऊ नका. एक दट्ट्या दाबा, दुसरा लगेच हलेल. मग दुसऱ्या दट्ट्यावर बोट घट्ट धरून पहिला दाबा. तो जवळजवळ हलणार नाही. आता थोडी हवा आत घेऊन हेच पुन्हा करा. पहिला दट्ट्या किती आत गेला आणि बोटाला काय जाणवले, ते वहीत लिहा. घाटाखाली त्या चालकाच्या पायाला जे जाणवले, ते तुमच्या बोटांना कळेल.