ट्रॉलीची जोडणी : उंचीचे गणित

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की ग्रामीण रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी गजबजून जातात. चढावर भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली गेली, तर दोष भाराला किंवा चालकाला दिला जातो. ट्रॉली कोठे जोडली आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

ट्रॅक्टरच्या मागे खालच्या बाजूस ड्रॉबार असतो. काही ट्रॅक्टरांना त्याच्या वर ट्रॉलीसाठी स्वतंत्र हूकही असतो. जोडणी जितकी उंच, तितकी ओढीमुळे पुढची चाके अधिक हलकी होतात. उदाहरणादाखल, पुढच्या चाकांवर ७०० किलो भार असलेला ट्रॅक्टर घेऊ. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २०० सेंटिमीटर आणि ओढ १,००० किलो मानू. जोडणी जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर असल्यास पुढचा भार २०० किलोंनी घटतो. ८० सेंटिमीटरवर असल्यास ४०० किलोंनी.

चार चाकी ट्रॉलीचा भार तिच्याच चाकांवर राहतो. दोन चाकी ट्रॉलीच्या भाराचा काही हिस्सा मात्र हुकावर येतो. मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागे असलेल्या हुकावर ५०० किलो भार आला, तर पुढची चाके आणखी १५० किलोंनी हलकी होतात. म्हणजे खालच्या जोडणीत पुढे ३५० किलो उरतात, वरच्या जोडणीत अवघे १५०. एवढ्या भारावर स्टिअरिंगला रस्त्याची पकड मिळत नाही. चढामुळे आणि ओढीच्या धक्क्याने हाही भार नाहीसा होऊन ट्रॅक्टर चालकासह मागे उलटू शकतो.

म्हणून उत्पादकाने नेमून दिलेल्या ठिकाणीच ट्रॉली जोडावी. आसाला किंवा वरच्या टॉप लिंकच्या जागी ती कधीही जोडू नये. ट्रॉलीची दांडी पुरेशी लांब असावी. आखूड दांडी वळणावर ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला घासते. पिन योग्य जाडीची असावी आणि ती निसटू नये म्हणून खाली क्लिप लावलेली असावी. जोडीला सुरक्षा-साखळी असल्यास पिन तुटली तरी ट्रॉली मोकाट सुटत नाही. उतारावर ब्रेक नसलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. तेथे गिअर आधीच खालचा घ्यावा व तो मध्येच काढू नये.

हंगामापूर्वी ग्रामपंचायतीने गावातील ट्रॉल्यांची अशी पाहणी घडवून आणणे अवघड नाही. तरफेचा पाठ शिकविताना शिक्षकांनाही याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. हुकाची जागा पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. ती न पाहिल्याची किंमत मात्र एखाद्या कुटुंबाला आयुष्यभर मोजावी लागते.