क्रेन येईपर्यंतचा तास



या महिन्याचा पाठ व्याजाचा नाही, परतफेडीचा नाही, नोंदवहीचाही नाही. रस्त्यात गाडी बंद पडली आणि क्रेन येईपर्यंत थांबावं लागलं, तर तो तास कसा काढायचा, हे आज शिकायचं आहे. मासिक बैठकीत एकीने हा पाठ मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा, आणि शेवटी दिलेली कामं त्याच बैठकीत उरकावीत.

कुणी म्हणेल, “आम्ही कुठे गाडी चालवतो?” चालवत नसू, पण बसतो तर रोज. केळीच्या चिप्स, पापड, मसाले घेऊन प्रदर्शनाला जातो. प्रशिक्षणासाठी जळगावला जातो. लग्नाला, दवाखान्यात, मजुरीला जातो. कधी छोटा हत्ती, कधी पिकअप, कधी भाड्याची जीप. सावद्याहून फैजपूरकडे निघा नाहीतर रावेरकडे, हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता दिवसरात्र केळीच्या ट्रकांनी भरलेला असतो. अशा रस्त्यावर गाडी बंद पडली की ड्रायव्हर बोनेट उघडून उभा राहतो आणि आपण मात्र आत बसून राहतो. कुणी मागच्या फाळक्याला टेकते, कुणी डांबराच्या कडेलाच सावली शोधते. धोका नेमका इथे आहे. गाडी बंद पडल्याने सहसा कुणाचा जीव जात नाही. आपण कुठे आणि कसं थांबलो, यावर तो राहतो किंवा जातो.

दोन घटना, एकच धडा

पहिली आपल्याच जिल्ह्यातली. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या दरम्यान, पुष्पक एक्स्प्रेस थांबली होती. डब्यात आग लागल्याची अफवा पसरली. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि त्याच रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जणांचा जीव गेला. आग लागलेलीच नव्हती.

दुसरी १५ ऑक्टोबर २०२३ ची, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळची. सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस मध्यरात्रीनंतर रस्त्यावर थांबवलेल्या एका ट्रकला मागून धडकली. १२ जण दगावले.

एकीकडे रेल्वे, दुसरीकडे रस्ता. धडा मात्र एकच. थांबलेली गाडी पाहून मागून येणारं जग थांबत नाही. म्हणून कोणत्या बाजूने उतरायचं आणि कुठे उभं राहायचं, हे आधीच ठाऊक हवं. त्या वेळी विचार करायला उसंत नसते.

पहिली पाच मिनिटं

१) गाडी धक्के खाऊ लागली, आवाज बदलला, की ड्रायव्हरला लगेच सांगा, “दादा, डाव्या बाजूला खाली घ्या.” पूर्ण बंद पडेपर्यंत वाट पाहायची नाही. चाकं फिरताहेत तोवरच गाडी डांबराखाली उतरते. वळणावर किंवा पुलावर थांबणं टाळा. थोडं पुढे जाता येत असेल तर पुढे जा.

२) चारही इंडिकेटर चालू करायला सांगा. रात्री मागचे लाल दिवे सुरूच ठेवा. त्या दिव्यांसमोर कुणी उभं राहिलं तर दिवे झाकले जातात.

३) सगळ्यांनी डाव्या दाराने उतरायचं. उजवीकडे वाहतूक असते. लेकरांना आधी नाही, एका मोठ्या बाईनंतर उतरवा, म्हणजे खाली त्यांचा हात धरायला कुणीतरी असेल.

४) गाडीच्या पुढे, मागे किंवा टेकून उभं राहू नका. चारी ओलांडून बांधाच्या बाजूला जा आणि गाडीपासून मागे, म्हणजे वाहनं ज्या दिशेने येतात त्या दिशेला, काही पावलं सरकून थांबा. मागून धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते, म्हणून पुढची बाजू जास्त धोक्याची. अंधारात गवतात पाय टाकण्याआधी बॅटरी मारा. केळीच्या बागांच्या कडेला साप-विंचू असतात.

५) धूर किंवा पेट्रोल-गॅसचा वास येत असेल तर सामानाकडे वळूनही पाहू नका. दूर व्हा आणि मग ११२ ला फोन करा.

त्रिकोण किती लांब ठेवायचा?

चारचाकी गाडीत चमकणारा लाल त्रिकोण असायलाच हवा, असा नियम आहे. पण पुष्कळ गाड्यांत तो नसतो, आणि असला तरी गाडीच्या बुडाशीच ठेवतात. त्याचा काही उपयोग होत नाही. थोडा हिशोब करू. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. ड्रायव्हरला दिसेपर्यंत आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद लागतो. त्यानंतर गाडी थांबायला आणखी अंतर लागतं. कोरड्या रस्त्यावर हे सगळं मिळून साठ-सत्तर मीटर होतं. ओल्या रस्त्यावर आणि भरलेल्या ट्रकला त्याहूनही जास्त.

म्हणून गावच्या रस्त्यावर त्रिकोण किमान ५० मीटर मागे, मोठ्या महामार्गावर १०० मीटर किंवा जास्त. मीटर मोजायला टेप लागत नाही. आपलं एक पाऊल साधारण दोन फुटांचं. ऐंशी पावलं म्हणजे पन्नास मीटर. मागे वळण असेल तर वळणाच्या अलीकडे नको, पलीकडे ठेवा, म्हणजे वळण घेण्याआधीच ड्रायव्हरला कळेल. ठेवायला जाताना डांबराखालून चाला, त्रिकोण छातीसमोर धरा, येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवा.

त्रिकोण नसला की आपल्याकडे दगड मांडतात, झाडाची फांदी टाकतात. फांदी चालेल, दगड नको. गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. मग रात्री मोटारसायकलवरचं कुणाचं तरी लेकरू त्यावर पडतं. फांदी टाकली असेल तर निघताना ती उचलायची जबाबदारी एकीने घ्यावी.

फोन कुणाला, आणि सांगायचं काय?

पोलिसांसह कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२. कुणी जखमी किंवा आजारी असेल तर १०८. महिलांसाठी मदत क्रमांक १८१. राष्ट्रीय महामार्गावर असाल, उदाहरणार्थ मुक्ताईनगर-भुसावळ-जळगाव-धुळे या ५३ क्रमांकाच्या महामार्गावर, तर १०३३ ला फोन करून क्रेन मागा. हा क्रमांक चोवीस तास चालतो. इतर रस्त्यांवर ओळखीचा गॅरेजवाला किंवा गाडीच्या विम्याच्या कागदावरचा मदत क्रमांक कामी येतो.

आपण कोणत्या रस्त्यावर आहोत, हे किलोमीटरच्या दगडाच्या डोक्यावरून कळतं. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. त्याच दगडावर गावाचं नाव आणि अंतर असतं. फोनवर “रस्त्यात अडकलो, लवकर या” एवढं पुरत नाही. असं सांगा: “सावद्याहून रावेरकडे तोंड आहे, वाघोद्याच्या पुढे, डाव्या हाताला पेट्रोल पंप, पिकअप बंद आहे, आम्ही सहा बाया आणि दोन मुलं.” कुठून कुठे, जवळची खूण, कोणती बाजू, कोणती गाडी, किती माणसं. या पाच गोष्टी सांगितल्या की समोरच्याला पुन्हा विचारावं लागत नाही. घरच्या एका माणसाला व्हॉट्सअॅपवर आपलं ठिकाण पाठवून ठेवा. बाकीच्यांनी फोनची बॅटरी वाचवावी.

थांबायचं कसं?

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा तासभर थांबणं हाही धोकाच आहे. बंद काचांच्या गाडीत लेकरू किंवा म्हातारं माणूस एक मिनिटही ठेवू नका. सावली शोधा, पण रस्त्याला चिकटलेली नको. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. आशाताईंकडे मिळणारं ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात विरघळवून घ्या. अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, भोवळ आली, तर ओल्या फडक्याने अंग पुसत राहा आणि १०८ ला फोन करा. पावसाळ्यात विजा चमकत असतील तर एकट्या झाडाखाली उभं राहू नका.

रात्री सगळ्यांनी एकत्र राहावं. लघवीला जायचं झालं तरी दोघींनी मिळून जावं. कुणी मदतीला थांबलं तर चार हात दूर राहून बोला, गाडीचा नंबर पाहून घरी कळवा. मदत करणारी बहुतेक माणसं चांगलीच असतात, पण “क्रेन येतेच आहे, घरीही कळवलंय” एवढं मोठ्याने सांगायला काही हरकत नाही. जवळ किती पैसे आहेत, हे बोलण्यात येऊ देऊ नका.

आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. वाट पाहून जीव कंटाळतो. तेवढ्यात एखादा भरलेला ट्रक थांबतो आणि म्हणतो, “चला बसा वर, सोडतो.” तेव्हा नाही म्हणायचं. १४-१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री, याच बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर यावल तालुक्यातल्या किनगावजवळ, धुळे जिल्ह्यातून पपई घेऊन येणारा ट्रक उलटला. त्या ट्रकमधले किमान १५ मजूर दगावले. बहुतेक आपल्याच रावेर तालुक्यातले. त्यात बाया होत्या, कोवळ्या वयाची मुलंही होती. मालावर बसलेल्या माणसाला धरायला काही नसतं, आणि गाडी उलटली की माल त्याच्याच अंगावर येतो. घरी दोन तास उशिरा पोहोचलो तरी चालेल.

क्रेन आल्यावर

हुक लावण्याआधी भाडं ठरवा: ठोक की किलोमीटरवर, आणि कोणत्या गॅरेजपर्यंत. फोनवर सांगितलेली हीच गाडी आहे ना, याची खात्री करा. आपल्या गाडीचा चारी बाजूंनी फोटो काढा. पैसे दिल्यावर पावती मागा. गाडी टोचन करून नेत असतील तर त्या गाडीत बाया-पोरांनी बसायचं नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक घट्ट होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि दोर तुटला तर गाडी आवरत नाही. पुढच्या प्रवासाची सोय क्रेन येण्याआधीच फोनवर करून ठेवा.

माल मागे सोडायचा कसा?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. वर लिहिलेलं सगळं पाठ असूनही बाई गाडीतून उतरत नाही. का? गाडीत गटाचा माल असतो. चिप्सचे खोके, पापडाची पोती, गटाच्या कर्जातून आणलेला कच्चा माल. “चोरीला गेलं तर गटाला काय तोंड दाखवू?” या एका भीतीपोटी ती पोत्यावर बसून राहते. मग तिला कितीही नियम सांगितले तरी ते तिच्या कामाचे नाहीत. ही भीती रस्त्यावर जात नाही, ती बैठकीतच काढावी लागते.

म्हणून या महिन्यात नोंदवहीत असा ठराव लिहा: “गटाचा माल नेताना गाडी बंद पडली आणि सभासदाने जीव सांभाळण्यासाठी माल गाडीत सोडला, तर त्या मालाचं नुकसान गट सोसेल. ते त्या सभासदाकडून वसूल केलं जाणार नाही.” सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. रोख रक्कम असेल तर ती अंगावरच्या पिशवीत घेऊन उतरा. खोके-पोती गाडीतच राहू द्या.

या बैठकीत करायची कामं

१) वरचा ठराव मंजूर करून नोंदवा.

२) गटासाठी एक लाल त्रिकोण आणि एक बॅटरी विकत घ्या. गटाची जी सखी प्रवासाला निघेल, तिच्या पिशवीत ते जावं. सोबत पाणी, ओआरएस, मोठा रुमाल आणि भरलेली पॉवर बँक.

३) भाड्याची गाडी ठरवताना ड्रायव्हरला चार प्रश्न विचारायचे: त्रिकोण आहे का? स्टेपनीत हवा आहे का? मागचे दिवे लागतात का? विम्याचा कागद गाडीत आहे का? चार उत्तरं नीट मिळाली नाहीत तर दुसरी गाडी पाहा.

४) ११२, १०८, १८१, १०३३ आणि एका गॅरेजवाल्याचा नंबर प्रत्येकीने कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतो.

५) अंगणात ऐंशी पावलं चालून पाहा. पन्नास मीटर डोळ्यांना किती दिसतात, ते एकदा कळलं की विसरत नाही.

चर्चेसाठी

आपल्या गावाजवळ गाडी थांबवायला सगळ्यात धोक्याची जागा कोणती? रात्री प्रदर्शनाहून परतताना गाडी बंद पडली तर पहिला फोन कोण करेल, लेकरं कोण सांभाळेल, त्रिकोण कोण ठेवेल? आणि दुसऱ्या कुणाची गाडी अडकलेली दिसली तर आपण काय करू? अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिलं आहे. पोलिस त्याला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. म्हणजे भीतीपोटी पुढे निघून जायचं कारण उरलेलं नाही. निदान एक फोन तरी करायचाच.

पुढच्या बैठकीत कामं झाली की नाही, ते अध्यक्षांनी विचारावं आणि नोंदवहीत लिहावं.