बालकाचा पहिला विमानप्रवास : कानदुखी, निद्राकर औषधे आणि वैद्याची जबाबदारी

प्रस्तावना

विमानप्रवास आता मोजक्या लोकांपुरता राहिलेला नाही. मुंबई-पुण्याबरोबरच नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर यांसारख्या शहरांतूनही विमानाने प्रवास करणारी कुटुंबे वाढली आहेत. मुलगा वा मुलगी आखातात, अमेरिकेत किंवा बंगळुरूस नोकरीला असल्याने नातवंडांची ये-जा विमानानेच होते. साहजिकच सुट्टीच्या दिवसांत आपल्या चिकित्सालयांत व औषधांच्या दुकानांत एक मागणी वारंवार ऐकू येते : “बाळाचा पहिलाच विमानप्रवास आहे. ते रडू नये म्हणून झोपेचे काहीतरी औषध द्या. आयुर्वेदिक द्या, म्हणजे अपाय व्हायला नको.”

या मागणीत दोन गैरसमज आहेत. झोपलेले बालक विमानात सुरक्षित असते हा पहिला, आणि आयुर्वेदिक निद्राकर द्रव्य बालकास निरुपद्रवी असते हा दुसरा. एक ते तीन वर्षे वयाच्या बालकांपुरता या विषयाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सुश्रुताचार्यांच्या वर्गीकरणानुसार ही बालके क्षीरान्नाद व अन्नाद या अवस्थांत मोडतात.

विमानातील वातावरण

विमान ३५,००० फुटांच्या आसपास उडत असले तरी आतील हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो. हा दाब जमिनीवरील दाबाइतका मात्र नसतो. प्रवासी विमानात तो जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका कमी असू शकतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मि.मी. पारा असतो, तर ८,००० फुटांवर तो सुमारे ५६५ मि.मी. असतो. याचे तीन परिणाम लक्षात घ्यावयाचे आहेत.

पहिला, शरीरातील बंद पोकळ्यांतील वायू सुमारे एक-तृतीयांशाने प्रसरण पावतो. दुसरा, रक्तातील प्राणवायूची पातळी काहीशी खाली येते. निरोगी बालकास हे सहज सोसते, परंतु श्वसनाचा वा रक्ताचा विकार असलेल्या बालकास सोसेलच असे नाही. तिसरा, आतील हवा अत्यंत कोरडी असते. आर्द्रता बहुधा १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान असल्याने नाक, घसा व त्वचा शुष्क होतात.

कान का दुखतो?

मध्यकर्णाची पोकळी एका बारीक नलिकेने घशाशी जोडलेली असते. ही कंठकर्णनलिका एरवी मिटलेली असते. गिळताना, चोखताना वा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. बालकात ही नलिका आखूड, अरुंद व अधिक आडवी असते. सर्दीमुळे तिचे अस्तर सुजले की ती आणखी बंद होते.

विमान वर जाताना मध्यकर्णातील हवा प्रसरण पावते व नलिकेतून बऱ्याच अंशी आपोआप बाहेर पडते. उतरताना याच्या उलट घडते. बाहेरील दाब वाढत जातो, कर्णपटल आत ओढले जाते आणि नलिका झडपेसारखी मिटून बसते. ती उघडण्यासाठी गिळण्याची क्रिया व्हावीच लागते. म्हणूनच बालके उड्डाणापेक्षा अवतरणाच्या वेळी अधिक रडतात. मोठी माणसे नाक दाबून कानात हवा भरतात. दीड वर्षाच्या बालकास हे शिकविता येत नाही. त्याच्यासाठी गिळणे हाच उपाय होय. येथपासून पुढील सर्व सल्ला या एका गोष्टीवर आधारलेला आहे.

शास्त्रीय विचार

संहिताकाळी विमानप्रवास नव्हता, तेव्हा त्याचे थेट वर्णन ग्रंथांत शोधणे व्यर्थ आहे. हेतूंची जुळणी मात्र करता येते. रूक्ष व शीत वातावरण, रात्रिजागरण, आहारकालाचा विपर्यय आणि दीर्घकाळ वाहनात बसणे हे सर्व वातप्रकोपक भाव आहेत. बालक मुळातच अल्पबल व सुकुमार असल्याने त्याच्यावर त्यांचा परिणाम लवकर दिसतो. आध्मान, मलावरोध, अनिद्रा आणि कर्णशूल ही लक्षणे त्यातून समजून घेता येतात.

याहून अधिक उपयुक्त आहे तो काश्यपसंहितेतील वेदनाध्याय. जे बालक बोलू शकत नाही त्याच्या वेदनेचे स्थान कसे ओळखावे, याचे त्यात वर्णन आहे. कानात वेदना असलेले बालक हातांनी कानांना स्पर्श करते, डोके जोराने हलवते, अस्वस्थ असते, खाण्यास नकार देते व झोपत नाही. विमानात रडणाऱ्या मुलास पालक हट्टी समजतात. ही लक्षणे आपण त्यांना आधीच समजावून दिली, तर रडण्याचे कारण त्यांना जागीच ओळखता येईल व योग्य उपाय करता येईल.

निद्राकर औषधांचा प्रश्न

गाढ झोपेत गिळण्याची क्रिया फारच कमी होते. औषधाने झोपविलेल्या बालकाची कंठकर्णनलिका अवतरणकाळात उघडत नाही; ते वेदनेने दचकून जागे होते किंवा कर्णपटलास इजा होण्याची शक्यता वाढते. शिवाय प्राणवायूची पातळी जेथे आधीच किंचित कमी आहे, तेथे श्वसन मंद करणारे औषध देणे धोक्याचे आहे.

प्रोमेथाझिनचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सर्दी-उलटीसाठीचे हे परिचित औषध झोप आणते म्हणून घराघरांत वापरले गेले. २ वर्षांखालील बालकांत श्वसन मंदावून मृत्यू घडल्याच्या नोंदी झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या वयोगटासाठी त्यावर ठळक इशारा छापणे भाग पाडले. आपल्याकडेही क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे संयुक्त औषध ४ वर्षांखालील बालकांस देऊ नये, असा निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. काही बालकांत अशा औषधांनी झोप न येता उलट चिडचिड व अस्वस्थता वाढते, हेही पालकांस सांगावे.

आपल्या शास्त्रातील द्रव्यांना यातून सूट देता येत नाही. बाळगुटीत जायफळाचे एक-दोन वेढे उगाळणे निराळे आणि ‘प्रवासात झोपावे’ म्हणून जायफळाची पूड चमच्याने देणे निराळे. अधिक मात्रेत जायफळामुळे हृदयगती वाढते, तोंड कोरडे पडते, भ्रम होतो. जातिफलादि चूर्णात भांग असते, कर्पूररसात अहिफेन असते. ही औषधे बालकास झोपविण्यासाठी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूयुक्त ‘बाळागोळी’ देऊन निजवीत असत. त्या मातांची अगतिकता आपण समजू शकतो. काही तासांच्या विमानप्रवासासाठी तोच मार्ग अवलंबण्यास मात्र कोणतेही समर्थन नाही.

प्रवासापूर्वीची तपासणी

प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी बालकाची तपासणी व्हावी. नाक, घसा व कान पाहावेत. तीव्र कर्णशूल, कर्णस्राव वा ज्वर असल्यास प्रवास पुढे ढकलण्याचा सल्ला द्यावा आणि कर्णतज्ज्ञाकडे पाठवावे. साधा प्रतिश्याय असल्यास प्रवास सहसा टाळावा लागत नाही, परंतु अवतरणकाळी अधिक दक्षता हवी. नाक मोकळे करणाऱ्या पोटात घ्यावयाच्या औषधांनी लहान बालकांची विमानातील कानदुखी टळते असे सिद्ध झालेले नाही. म्हणून ती केवळ प्रवासासाठी देऊ नयेत.

प्रवासाच्या दिवशी कानात तेल घालण्याची प्रथा येथे निरुपयोगी ठरते. कर्णपटल अखंड असेल तर तेल मध्यकर्णात पोहोचत नाही व दाब समान करू शकत नाही. कर्णपटलास छिद्र असेल तर तेल अपायकारक ठरते. कापसाचा बोळाही दाबावर परिणाम करीत नाही. नाकाच्या कोरडेपणासाठी करंगळीच्या टोकाने नाकपुडीच्या कडेला गाईच्या तुपाचा पुसट लेप पुरेसा आहे. तेल वा तुपाचे थेंब नाकात सोडू नयेत. ते श्वासमार्गात जाण्याची भीती असते.

न्यूमोनिया, वारंवार येणारा तमकश्वास, जन्मजात हृद्रोग, तीव्र पांडुरोग किंवा अकाली जन्मानंतर राहिलेला फुप्फुसाचा विकार असलेल्या बालकाविषयी बालरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय संमती देऊ नये. विदर्भातील व नंदुरबार परिसरातील वैद्यांनी सिकलसेल आजाराची विचारणा अवश्य करावी, कारण या रोगात प्राणवायूची घट व शरीरातील जलक्षय दोन्ही घातक ठरू शकतात. कांजिण्या, गोवर यांसारखा संसर्गजन्य रोग असल्यास सहप्रवाशांच्या हितासाठीही प्रवास थांबवावा.

प्रवासातील आहार-विहार

आदल्या दिवसापासून आहार लघु व स्निग्ध असावा. मऊ भात-वरण-तूप, मुगाची पातळ खिचडी, भाताची पेज योग्य. वायू प्रसरण पावत असल्याने हरभरा, वाटाणा, राजमा, फसफसणारी पेये टाळावीत. लांबच्या प्रवासात थोडे थोडे पाणी वारंवार पाजावे. शेंगदाणे, फुटाणे, अखंड द्राक्षे विमानात देऊ नयेत. धक्का बसताच घास श्वासनलिकेत अडकण्याचा संभव असतो.

विमान साधारणतः उतरण्यापूर्वी अर्धा तास खाली येऊ लागते. या वेळी बालक झोपलेले असल्यास त्यास हळुवारपणे जागे करावे आणि स्तनपान, बाटली, पेला किंवा वाटी-चमचा यांपैकी सवयीच्या साधनाने घोटघोट द्रव द्यावा. बालकास सरळ बसवून पाजावे. सर्व दूध आधीच संपवून टाकू नये, ही साधी सूचना पालक नेमकी विसरतात. पूर्वी प्रवासात कानदुखीचा त्रास झाला असल्यास बालरोगतज्ज्ञाने वजनानुसार ठरवून दिलेले पॅरासिटामॉल अवतरणापूर्वी देता येते.

२ वर्षे पूर्ण न झालेल्या बालकास मांडीवर घेऊन प्रवास करता येतो. त्यानंतर स्वतंत्र आसन लागते. जाताना पावणेदोन वर्षांचे असलेले मूल परत येताना दोन वर्षांचे झाले असेल तर परतीचे तिकीट स्वतंत्र काढावे लागते. मांडीवरील बालकास आपल्याच पट्ट्यात गुंडाळू नये, कारण धक्का बसल्यास मोठ्या माणसाचा भार त्याच्यावर येतो. विमान कर्मचाऱ्यांकडून बालकाचा जोडपट्टा मागून घ्यावा.

औषधविक्रेत्यांसाठी

प्रवासात न्यावयाची औषधे देताना औषधविक्रेत्यांची भूमिका निर्णायक आहे. कागदाच्या पुड्यांतील चूर्ण वा भस्म विमानतळावर संशयास्पद ठरू शकते. औषध मूळ सीलबंद वेष्टनात, इंग्रजीतील घटकयादीसह व वैद्याच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्यावे. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानात १०० मिलिलिटरहून मोठ्या द्रवाच्या बाटलीस सामान्यतः मनाई असते. प्रवासापुरते बालकाचे दूध, अन्न व आवश्यक औषध यांस सवलत मिळते, मात्र तपासणीत ते दाखवावे लागते.

अरविंदासव हे बालकांसाठी आपण सर्रास देतो. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, आणि सौदी अरेबिया व कुवेत येथे प्रवाशाने मद्यार्कयुक्त पदार्थ आणण्यास बंदी आहे. संयुक्त अरब अमिरात व सिंगापूर येथे साधी खसखसही निषिद्ध आहे; तेथे भांग वा अहिफेनयुक्त कल्प सापडल्यास आजी-आजोबांवरही कारावासाची वेळ येऊ शकते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर सावधानतेची सूचना छापलेली असते. ती वाचूनच विक्री करावी.

रसकल्पांबाबत विशेष काळजी हवी. २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यावरील मतभेद काहीही असोत, प्रवासाच्या पिशवीत बालकासाठी पारदयुक्त कल्प ठेवण्याचे कारण नाही.

पालकांस द्यावयाच्या सूचना

१) निद्राकर औषध देऊ नये, मग ते कोणत्याही पॅथीचे असो.
२) उड्डाणकाळी व विशेषतः अवतरणकाळी बालकास गिळते ठेवावे.
३) अर्धा तास आधी जागे करावे, दूध-पाणी राखून ठेवावे.
४) कानात तेल व कापूस घालू नये.
५) हलका आहार, पुरेसे पाणी, एक जादा कपडा व सवयीचे खेळणे जवळ असावे.
६) उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही कान दुखत असल्यास, स्राव वा ज्वर आल्यास, किंवा ऐकू कमी येत असल्याचे जाणवल्यास कर्णतज्ज्ञास दाखवावे.

उपसंहार

औषध मागणाऱ्या पालकास रिकाम्या हाताने पाठविणे अनेकदा अवघड वाटते. परंतु या प्रसंगी औषधाच्या चिठ्ठीपेक्षा वरील सहा ओळींचा कागद अधिक उपयोगी आहे. चिकित्सालयात व दुकानाच्या काउंटरवर तो छापून ठेवल्यास येत्या सुट्टीत काही बालकांचा पहिला विमानप्रवास निश्चितच सुखाचा होईल.