संपूर्ण आकाश एका चित्रात

डिजिटल कॅमेऱ्याने शाळेची लांब इमारत टिपायची, तर वाइड-अँगल भिंग घ्यावे. संपूर्ण आकाश टिपायचे, तर फिश-आय. असे का?

दोन्ही भिंगांचे नाभीय अंतर १० मिमी माना. वाइड-अँगल भिंग सरळ रेषा सरळच ठेवते. त्यासाठी प्रतिमेचे मध्यापासूनचे अंतर किरणाने अक्षाशी केलेल्या कोनाच्या ‘टॅन’प्रमाणे वाढावे लागते : ४५ अंशांना १० मिमी, ८० अंशांना सुमारे ५७ मिमी आणि ९० अंशांना अनंत! एवढा संवेदक आणणार कोठून?

फिश-आय भिंगात हे अंतर साधारणपणे कोनाच्याच प्रमाणात वाढते. ९० अंशांना जेमतेम १६ मिमी. म्हणूनच रॉबिन हिल यांनी १९२३ मध्ये ढगांच्या छायाचित्रांसाठी असे भिंग योजले. मात्र त्यात कडेचे खांब वाकतात.

तेव्हा रेषा जपायची की क्षितिज, हे आधी ठरवा.