वाळवंटात घाम दिसत नाही

बेळगावच्या माणसाला ऊन नवं नाही, पण कोरडं ऊन नवं आहे. एप्रिलात पारा ३६-३७ वर चढला की चार दिवसांत वळीव येतो, कॅम्पातल्या झाडांखालचे रस्ते पुन्हा गार होतात. ही हवा अंगवळणी पडलेली मंडळी हल्ली थंडीच्या मोसमात इजिप्त-जॉर्डनच्या सहलीला निघतात, नाहीतर दुबईत मुलाकडे गेल्यावर वाळवंटातली सफारी करून येतात. जाण्याआधी दवाखान्यात येतात आणि विचारतात, "जुलाबाच्या गोळ्या कुठल्या नेऊ?" त्या न्याच. पण मला काळजी असते ती पाण्याची.

आपल्याकडे पावसाळी, दमट हवेत घाम अंगावर राहतो, सदरा भिजतो, आणि पाणी प्यावंसं वाटतं. इजिप्तमधल्या आस्वानसारख्या ठिकाणी पाऊस जवळजवळ पडतच नाही. तिथल्या हवेत घाम आला की लगेच उडून जातो. अंग कोरडं, म्हणून माणूस म्हणतो, "घामच येत नाही बघा की, छान हवा आहे." प्रत्यक्षात उन्हात चढण चढताना तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. त्यात साठीनंतर तहानही मंदावते. म्हणून तहान लागेल तेव्हा पिऊ, हा हिशेब तिथे चालत नाही. लघवीचा रंग बघा. फिकट पिवळी असेल तर ठीक. चहासारखी गडद झाली की उशीर झाला समजा. चालण्याच्या दिवशी साधारण तीन लिटर पाणी धरा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र आकडा आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही. घामातून मीठ जातं आणि वर साधं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. म्हातारी माणसं मग एकाएकी असंबद्ध बोलू लागतात. दिवसातून एखादं ओआरएस घ्या. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून 'कडक' करून पिणारे मी पाहिलेत, त्याने त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एरवी मी रक्तदाबाच्या रुग्णांच्या हातातलं भडंग काढून घेतो; लक्सरच्या उन्हात मूठभर खाल्लं तर माझी तक्रार नाही.

आता जे कोणी उघड बोलत नाही ते. सहलीवर बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत. आस्वानहून अबू सिंबेलचं देऊळ साधारण २८० किलोमीटर, बस पहाटे अंधारात निघते, जाताना तीन तास, येताना तीन तास, दोन्हीकडे वाळू. मग आदल्या रात्रीपासूनच पाणी बंद. सकाळचा चहासुद्धा अर्धा ठेवून उठायचं, बाटली पिशवीत तशीच भरलेली. देवळासमोरच्या उघड्या पटांगणात तास-दीड तास उभं राहायचं, संध्याकाळी डोकं धरून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी लघवीला आग. त्यावर "इजिप्तचं पाणी बाधलं" म्हणतात. बाधलं नाही, प्यायलंच नव्हतं! बसमध्ये चढतानाच गाईडला विचारा, पहिला थांबा कुठे आणि किती वेळाने. सुटी नाणी-नोटा आणि कागदी रुमाल हाताशी ठेवा, कारण स्वच्छतागृहाच्या दाराशी पैसे मागतात. खोकताना, शिंकताना लघवी सुटते अशी तक्रार असेल तर प्रवासापुरते मोठ्यांचे डायपर वापरा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि सासूबाईंना हे सांगायचं काम सुनेवर ढकलू नका. मला विचारा, मी सांगतो.

पाणी कमी पडलं की रोजच्या गोळ्या उलटतात. रक्तदाबाच्या ज्या गोळीच्या नावापुढे 'एच' असतं, तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध असतं. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधंही लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात. उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणं तुटलं, तर या गोळ्या आणि मेटफॉर्मिन तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. कुठल्या, किती दिवस, हे निघण्यापूर्वी लिहून घ्या. तिकडून व्हॉट्सॲपवर गोळीचा फोटो पाठवला की वेळ जातो. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीच बंद करू नये. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या घाम कमी करतात, त्या उन्हाच्या दिवशी टाळा.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत घ्या, विमानाच्या पोटातल्या सामानात नको. ते गोठलं की वाया गेलं. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत चार आठवडे साध्या तापमानाला टिकते, पण साधं म्हणजे २५ ते ३० अंश. उन्हात उभ्या बसमध्ये ती ठेवू नका. पाण्यात भिजवून वापरायच्या खास पिशव्या मिळतात, त्या माठासारख्या गार राहतात आणि कोरड्या हवेत तर फारच छान. इजिप्त आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, तिथल्या उन्हाळी वेळेत अडीच. एवढ्या फरकाने डोसाची फार ओढाताण होत नाही.

अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, चाल झोकांड्या देणारी, असं कोणी दिसलं तर तो उष्माघात. घाम असला तरी आणि नसला तरी. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

वाळवंटाशी आमच्या बेळगावच्या कॅम्पाची, म्हणजे लष्करी छावणीची, जुनी ओळख आहे. या छावणीत जिचं केंद्र आहे ती मराठा लाईट इन्फंट्री म्हणून पुढे एकत्र आलेल्या पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये हे सैन्य टेसिफॉनपर्यंत, सासानी राजांच्या महालाच्या त्या प्रचंड कमानीपर्यंत पोचलं, तिथून मागे हटलं आणि कुत-अल-अमारात वेढलं गेलं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. डॉक्टरांच्या नजरेने तो वेढा विलक्षण आहे. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला. कोंड्यासकट कणीक खाणारे आपले लोक त्यातून वाचले. पण भाजीपाला संपला, घोड्याचं मांस अनेकांनी धर्मापायी नाकारलं आणि त्यांना स्कर्व्हीने गाठलं. सहलीच्या दहा दिवसांत स्कर्व्ही होत नाही, बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, कारण शाकाहारी मंडळी ठेपले-बिस्किटांवर दिवस काढतात. कैरोत कोशरी मिळते: भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कांदा. गरम असेल तर बिनधास्त खा. संत्री स्वतः सोलून खा. चिरलेली कोशिंबीर आणि बर्फ नको. फूल म्हणजे तिथला बाकल्याच्या दाण्यांचा नाश्ता. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असल्याचं कळलेलं असेल त्यांनी त्याला हात लावू नये, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कच्चं उंटाचं दूधही नको.

सामानात खसखस नेऊ नका. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि आपली बरीच विमानं दुबईवरून जातात. डिंकाचे लाडू, अनारसे, घरचा मसाला, सगळं तपासा. लेकासाठी कुंदा न्या, त्याला कोणी अडवत नाही. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल याहून धोक्याची: इजिप्तमध्ये एका ब्रिटिश पर्यटक बाईला सामानात या गोळ्या सापडल्यावरून २०१७ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. झोपेच्या आणि कोडीनच्या गोळ्यांचंही तसंच. त्या लागत असतील तर त्या त्या देशाचा नियम आधी पाहा आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा.

गुडघ्यांबद्दल थोडं. जॉर्डनमधल्या पेट्रात शिरायची नुसती अरुंद घळच सव्वा किलोमीटर, आणि वरच्या मठापर्यंत आठशेहून अधिक पायऱ्या. खजिन्याची इमारत पाहून परतलात तरी पैसे वसूल झाले. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत वाकून चढावं लागतं, हवा कोंदट असते. दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. हाडं ठिसूळ असतील तर उंट नको, तो उठताना पुढेमागे जोराचे हिसके देतो. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवणं कंबर दुखणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी सोडून द्यावं. आणि स्वेटर घ्या. डिसेंबर-जानेवारीत वादी रमच्या तंबूत रात्री पारा शून्याजवळ उतरतो.

मृत समुद्रात उताणं तरंगा, पोटावर वळू नका. आदल्या दिवशी दाढी करू नका, नाहीतर मीठ झोंबेल. नाईलच्या काठच्या संथ पाण्यात पाय सोडून बसू नका. तिथल्या गोगलगायींतून बाहेर पडणारे कृमी कातडीतून शिरतात आणि त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो. परत आल्यावर ताप आला, लघवीत रक्त दिसलं, अंगाला खाज सुटली, तर दवाखान्यात शिरताच आधी सांगा की कुठल्या देशात होता आणि कुठल्या पाण्यात उतरला होता.