फरशीच्या खालचा खर्च

वरळी कोळीवाड्यात तळमजल्याची फरशी बदलायची ठरली की पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात होते. ती जरा पुढे ढकला. आधी खोलीचा एक कोपरा कोरडा पुसून त्यावर दोन फुटांचं जाड प्लास्टिक अंथरा, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसंच राहू द्या. उचलल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले, तर ओल जमिनीतून येते आहे. थंड देशांत फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालतात. आपल्या फरशीखाली समुद्राची खारी ओल.

आता १० बाय १५ च्या खोलीचा हिशेब मांडू. १५० चौरस फूट, तुटफूट धरून १६५. दोन बाय दोनच्या चार टाइल्सची पेटी साधारण साडेपंधरा फूट भरते, म्हणजे ११ पेट्या लागतील. करासह ६० रुपये फूट धरले तर १०,२०० रुपये. जुनी फरशी फोडून डेब्रिज काढायला ४,५००, सिमेंट आणि क्रश सँड ५,०००, वॉटरप्रूफिंग ६,०००, मजुरी ७,५००. टेम्पो गल्लीत शिरत नाही, तेव्हा हातगाडी आणि डोक्यावरची ने-आण २,५००. बेरीज ३५,७००. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या मिस्त्रीचे घालून बघा. पण दुकानात ज्या टाइलवर तासभर घासाघीस होते, ती एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे.

वॉटरप्रूफिंगचे सहा हजार वाचवले की दोन पावसाळ्यांत सांध्यांतून पांढरा लोणा फुटतो. मसाल्यात खारी वाळू पडली तरी तेच.

टाइल व्हिट्रिफाइड घ्या, ती ०.५ टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही. मात्र मॅट फिनिशचीच. आरशासारख्या चकचकीत फरशीवर बोंबील धुतलेलं पाणी सांडलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, हे कुठलंही दुकान सांगत नाही. कोटा मजबूत आणि पायाला गार, पण तो चुनखडीचा दगड. चिंच, लिंबू किंवा मोरी धुवायचं ॲसिड पडलं की डाग राहतो. ओट्याला, पडवीला छान, स्वयंपाकघरात नको. लाकडी लॅमिनेट फुगतं. व्हिनाइल स्वस्त, पण त्याखाली ओल कोंडते.

जुन्या फरशीवरच नवी बसवली तर फोडकाम वाचतं, पण दरवाजे खालून कापावे लागतात आणि पोकळ लाद्या आतच राहतात. गल्ली काँक्रीटने उंच झाली असेल, तर उलट जोतंच वर घ्यावं लागेल. त्याचा खर्च वेगळा. ढाळ मोरीकडे दिलाय ना, ते टाइल लावण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा.

कोटेशनमध्ये वॉटरप्रूफिंग वेगळ्या ओळीत लिहून घ्या. ‘सगळं धरून’ असा एकच आकडा सांगणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका.